एरंगळच्या परसातला तलाव: पंप कोणता, हीटर कोणता

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मढ बेटावरच्या एरंगळहून एका गृहस्थांचा फोन आला. घराच्या मागच्या अंगणात पोहण्याचा छोटा तलाव बांधायला घेतला होता. खड्डा खणून झाला होता, सळई बांधणं चालू होतं आणि पावसाआधी काँक्रीट उरकायचं होतं. पंप आणि हीटरचं कोटेशन हातात होतं. "एकदा नजर टाकाल का?" एवढंच त्यांना हवं होतं.

तलाव हौसेचा नव्हता. त्यांच्या आईचे दोन्ही गुडघे बदलले होते. पाण्यात चाला, पण पाणी 30-31 अंशांच्या खाली नको, असं फिजिओथेरपिस्टने बजावलं होतं. काकू पूर्वी कित्येक वर्षं शिवाजी पार्कजवळच्या महापालिकेच्या तलावात सकाळच्या बॅचला पोहायला जायच्या, त्यामुळे पाण्याची भीती नव्हती, गारठ्याची होती. मुंबईत हिवाळा असतो कुठे, असं आपण म्हणतो. पण डिसेंबर-जानेवारीत पहाटेचं तापमान 16-17 अंशांवर येतं आणि उघड्या तलावाचं पाणी 23-24 अंशांवर जाऊन बसतं. पोहणाऱ्या पोराला ते चालतं. गुडघ्यात धातू घेऊन सावकाश चालणाऱ्या बाईचे स्नायू त्यात आखडतात.

कोटेशनमध्ये होतं ते असं: दोन एचपीचा एकाच वेगाचा पंप, 500 मिलिमीटर व्यासाचा सँड फिल्टर, 50 मिलिमीटरचे पाइप, तळाला एक मेन ड्रेन, म्हणजे पंप ज्यातून तळाचं पाणी ओढतो ते तोंड, आणि 12 किलोवॅटचा इलेक्ट्रिक हीटर. पाणी झाकायच्या आच्छादनाचं नाव नाही. हीटरसाठी थ्री-फेज कनेक्शन घेऊन मंजूर भार वाढवायचा, असं खाली लिहिलेलं.

मी त्यांना पहिलं एकच सांगितलं. यंत्रांकडे शेवटी बघू. आधी पाणी किती, उष्णता जाते कुठून आणि पाइप केवढा, हे ठरवू. यंत्र उद्या बदलता येतं. काँक्रीटमध्ये गाडलेला पाइप बदलता येत नाही.

तलाव 8 मीटर लांब, 4 मीटर रुंद, खोली 1.1 ते 1.4 मीटर. सरासरी सव्वा मीटर धरली तर 40 घनमीटर, म्हणजे 40,000 लिटर पाणी. एवढं पाणी एक अंशाने तापवायला साडेशेहेचाळीस युनिट उष्णता लागते. हा आकडा मी काकूंच्या मुलाला वहीत लिहून ठेवायला लावला, कारण पुढचे सगळे हिशेब याच्यावर बेतलेले आहेत. 23 वरून 30 वर जायचं तर सात अंश, म्हणजे सुमारे 326 युनिट. हे एकदाचं. रोजचं काय?

रोजची उष्णता मुख्यतः वरून जाते. जमिनीतून, भिंतींतून जाते ती थोडी. पाण्याच्या पृष्ठभागावरून वाफ होऊन जाते ती खरी. एक लिटर पाणी वाफ होताना साधारण 0.67 युनिट उष्णता घेऊन जातं. हिवाळ्यात मुंबईत जमिनीवरून कोरडा वारा सुटतो, तेव्हा कोमट तलावातून दिवसाला पाच मिलिमीटर पाणी उडणं ही साधी गोष्ट आहे. 32 चौरस मीटरवर पाच मिलिमीटर म्हणजे 160 लिटर. शहरात माणशी दिवसाला 135 लिटर पाणी द्यावं असा निकष आहे. त्याहून जास्त पाणी रोज हवेत. आणि त्याबरोबर 108 युनिट उष्णता, म्हणजे पाण्याचे सव्वादोन अंश. उघड्या तलावाचा 70 टक्क्यांच्या आसपास तोटा या एकाच वाटेने होतो.

म्हणून मी लिहून दिलेल्या यादीत पहिली वस्तू हीटर नव्हती. बुडबुड्यांचं प्लास्टिकचं आच्छादन आणि ते गुंडाळायचा रूळ, ही पहिली वस्तू. रूळ हवाच. मी पाहिलेल्या घरांत रूळ नसला की महिनाभरात आच्छादन कोपऱ्यात घडी होऊन पडतं, कारण ओलं, जड प्लास्टिक रोज ओढायला कुणी तयार नसतं. काकूंना एका हाताने दांडा फिरवता यावा म्हणून चाकाचा व्यास मुद्दाम मोठा घेतला. एक गोष्ट मात्र त्यांच्या सुनेला दोनदा सांगितली: हे आच्छादन उष्णतेसाठी आहे, पोरांच्या सुरक्षेसाठी नाही. त्यावर मूल पडलं तर ते मुलासकट आत जातं आणि वरून दिसतही नाही. चार वर्षांची नात घरात होती. तलावाभोवती आपोआप बंद होणाऱ्या फाटकाचं कुंपण घातलं, तेव्हाच मी पुढचं काम हातात घेतलं.

तापवायचे पर्याय चार होते. गॅसचा विचार लगेच सोडला. घरात पाइपगॅस नव्हता, सिलिंडर ओढत बसणं काकूंच्या घराला जमणारं नव्हतं आणि बंद पंपघरात गॅस जाळणं मला स्वतःला मान्य नाही.

सोलर मला मनापासून आवडतो. पोहण्याच्या तलावाला लागणारं पाणी फार गरम नसतं, त्यामुळे काच नसलेले साधे काळे पॅनेलही चालतात. पण त्यांचं क्षेत्रफळ तलावाच्या निम्म्यापासून पूर्ण क्षेत्रफळाएवढं लागतं. इथे 16 ते 32 चौरस मीटर. घरावर मंगलोरी कौलं आणि मागे पाण्याच्या टाकीची जेमतेम 14 चौरस मीटरची गच्ची, त्यातही दुपारनंतर आंब्याची सावली. गच्ची मोठी असती तर मी हीट पंपाआधी सोलरच सुचवला असता.

मग राहिले इलेक्ट्रिक हीटर आणि हीट पंप. इलेक्ट्रिक हीटर एक युनिट वीज घेतो आणि एक युनिट उष्णता देतो, त्याच्यापुढे तो जाऊ शकत नाही. हीट पंप म्हणजे उलटा एसी. तो हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो आणि वीज लागते ती फक्त कॉम्प्रेसर, पंखा चालवायला. मुंबईच्या उबदार, दमट हवेत तो एका युनिट विजेमागे पाच युनिट उष्णता सहज देतो. थंड प्रदेशात हे यंत्र हिवाळ्यात धापा टाकतं. आपल्याकडची हवा त्याच्यासाठीच बनवली आहे म्हणा ना.

इथे दोन गोष्टी बारकाईने बघायच्या. पहिली, पाटीवरचा आकडा. कंपन्या मोठा आकडा 26-27 अंश हवा आणि 80 टक्के आर्द्रता धरून छापतात. खाली बारीक अक्षरात 15 अंशांचा आकडा असतो, तो मागून घ्या. दुसरी, वेळ. बहुतेक घरांत हीट पंप पहाटे लावतात, पोहायच्या आधी, गीझरसारखा. ही चूक आहे. पहाटे हवा 17 अंश आणि दुपारी 30-31. तेच यंत्र दुपारी कमी विजेत जास्त उष्णता देतं. पाणी दुपारी तापवायचं आणि आच्छादन घालून रात्रभर राखायचं.

आम्ही 13 किलोवॅट उष्णतेचा घेतला. उन्हाने मिळते ती उष्णता वजा करता, आच्छादन असेल तर रोजची खरी तूट 30-35 युनिटांच्या आसपास, म्हणजे अडीच तास काम. आच्छादन नसेल तर 100 युनिट, म्हणजे आठ तास. पहिल्या वेळी तापवायला दोन-तीन दिवस लागतील, ते लागू देत. सात अंश एका दिवसात चढवायचा हट्ट धरला तर दुप्पट यंत्र लागतं आणि ते वर्षातले 360 दिवस नुसतं बसून राहतं. हिशेबासाठी युनिटला 12 रुपये धरले तर आच्छादन आणि हीट पंप मिळून रोज 80 रुपये, आच्छादनाविना इलेक्ट्रिक हीटर रोज 1,200 रुपये. मुंबईचे वीजदर टप्प्याटप्प्याने चढतात आणि महिन्याला 500 युनिटांपुढचा टप्पा सगळ्यात महाग असतो. तलावाची वीज घराच्या विजेवर चढते, त्यामुळे तिचा जवळजवळ प्रत्येक युनिट त्या महाग टप्प्यात पडतो.

जागा समुद्राला लागून असल्यामुळे पाण्याकडची नळी टायटॅनियमची, बाहेरचा सांगाडा प्लास्टिकचा आणि हवेच्या बाजूच्या पत्र्यांवर गंजरोधक लेप, या तीन अटी घातल्या. टायटॅनियम क्लोरीनसाठी, बाकीचं खाऱ्या वाऱ्यासाठी.

आता पंप. इथे माझा आणि ठेकेदाराचा खरा वाद झाला. त्यांचं म्हणणं, "साहेब, दोन एचपी घातला की पाणी काचेसारखं राहतं." तो माणूस खोटं बोलत नव्हता, त्याला तसंच शिकवलेलं होतं. म्हणून कागद घेऊन बसलो.

दोन एचपीचा पंप या पाइपांतून ताशी साधारण 16 घनमीटर पाणी ढकलेल. 500 मिलिमीटरच्या फिल्टरचं वाळूचं क्षेत्रफळ 0.196 चौरस मीटर. भागाकार केला तर पाणी वाळूतून ताशी 82 मीटर वेगाने जातं. घरगुती फिल्टरला 50 ही वरची मर्यादा, 30 च्या आसपास चांगलं काम. 82 ला बारीक मळ वाळूत अडकतच नाही, तिच्यातून आरपार निघून परत तलावात येतो. म्हणजे मोठ्या पंपाने पाणी काचेसारखं होत नाही, गढूळ राहतं. मग क्लोरीन वाढवायचं, डोळे चुरचुरतात, आणि दोष पाण्याला.

आम्ही फिल्टर 600 मिलिमीटरचा केला, क्षेत्रफळ 0.283. पाइप 63 मिलिमीटरचा. आतला व्यास साधारण 45 वरून 57 मिलिमीटरवर गेला, पण तेवढ्याच पाण्याला पाइपातलं घर्षण जवळपास एक तृतीयांशावर आलं, कारण घर्षण व्यासाच्या पाचव्या घाताने बदलतं. पाइपाचा वाढीव खर्च एकदाच येतो, घर्षणाचं बिल दर महिन्याला. ठेकेदाराने इथे पेन खाली ठेवलं आणि "हे मला कुणी सांगितलं नव्हतं," असं म्हणाला. त्यानंतर त्याने केलेलं जोडकाम अप्रतिम होतं. कोपऱ्यावर एल्बोऐवजी लांब वळणाचे बेंड त्याने स्वतःहून घातले.

घर्षण उतरल्यावर बदलत्या वेगाचा दीड एचपीचा पंप पुरला. पंपाचा वेग निम्मा केला की पाणी निम्मं येतं, पण वीज सिद्धांताने एक अष्टमांशच लागते. प्रत्यक्षात मोटरचा स्वतःचा तोटा असतो, इतकं उतरत नाही. आमच्या पंपाने पूर्ण वेगाला 1,150 वॅट घेतले आणि संथ वेगाला 250. तीन वेग बसवून दिले. संथ, ताशी साडेपाच घनमीटर, रोज आठ तास. मधला, ताशी आठ घनमीटर, तीन तास, हीट पंप चालताना. दिवसाला 68 घनमीटर, म्हणजे सगळं पाणी पावणेदोन वेळा फिल्टरमधून जातं, आणि वीज साडेतीन युनिट. मधला वेग यासाठी की हीट पंपाला ठरावीक प्रवाह लागतो. कमी पडला तर त्याचा फ्लो स्विच यंत्र बंद करतो. आणि पूर्ण वेग फक्त बॅकवॉशला. फिल्टर उलटा धुताना वाळू उचलली गेली पाहिजे, त्यासाठी ताशी 13 घनमीटर तरी हवेत. नुसता छोटा संथ पंप बसवला असता तर विजेची बचत झाली असती, पण वाळू कधीच धुतली गेली नसती आणि वर्षभरात तिचे गठ्ठे झाले असते.

मेन ड्रेनबद्दल मी कुणाचंच ऐकलं नाही. तळाला एकच आठ इंची जाळी आणि मागे दोन एचपीचा पंप. त्या जाळीवर अंग पूर्ण टेकलं आणि 0.3 बारची खेच बसली, तर 95 किलोंच्या आसपास ओढ लागते. चार वर्षांची मुलगी सोडा, मोठ्या माणसालाही ती सोडवता येत नाही. दोन ड्रेन, एकमेकांपासून मीटरभराहून लांब, एकाच पाइपाला जोडलेले, दोन्हींवर घुमट जाळ्या. एक झाकला गेला तरी पाणी दुसऱ्यातून येतं. यासाठी बांधलेली सळई दोन ठिकाणी सोडवावी लागली, एक दिवस गेला. तो जायलाच हवा होता. पंप, हीटर, दिवे सगळं 30 मिलिॲम्पिअरच्या आरसीसीबीमागे (वीज गळली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचमागे) घेतलं, आणि सळई, शिडी, रुळाचा सांगाडा एका अर्थिंगला जोडला.

पंपघर जमिनीखाली खड्ड्यात करायचं ठरलं होतं, म्हणजे पंप पाण्याच्या पातळीखाली राहतो आणि हवा धरत नाही. एरवी चांगली पद्धत. पण 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला होता आणि त्यानंतर मुंबईत मोटर जमिनीखाली ठेवणं मला पटत नाही. आम्ही दोन फूट उंचीचा ओटा केला आणि स्वतः पाणी ओढणारा पंप घेतला. त्याची किंमत म्हणून पंपाच्या गाळणीच्या झाकणाच्या रबरी कड्यावर लक्ष ठेवावं लागतं. त्यावर वाळूचा कण बसला की पारदर्शक झाकणाखाली बुडबुडे नाचताना दिसतात आणि पंप हवा धरून पाणी ओढायचं थांबतो. कडं काढून पुसायचं, सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवायचं, परत बसवायचं. काकूंच्या मुलाला हे दोनदा करून दाखवलं, तिसऱ्यांदा त्याच्याकडून करून घेतलं.

जोडणीचा क्रम पंप, फिल्टर, हीट पंप आणि सगळ्यात शेवटी क्लोरीन. मध्ये एक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पंप बंद असताना तीव्र क्लोरीन उलटं हीट पंपात शिरत नाही. स्किमरच्या, म्हणजे पाण्यावर तरंगणारा कचरा ओढून घेणाऱ्या कप्प्याच्या, टोपलीत क्लोरीनच्या गोळ्या टाकायची सवय सर्रास आहे. त्या गोळ्यांचं पाणी आंबट असतं आणि ते थेट पंपाच्या, यंत्राच्या आत जातं. ती टोपली माडाच्या काड्या आणि आंब्याच्या पानांसाठी आहे.

नोव्हेंबरच्या मध्यात चार टँकरनी तलाव भरला. पाणी 25 अंश. हीट पंप लावला आणि पहिल्या दिवशी दीड अंशच चढला. माझ्या हिशेबाने अडीच चढायला हवे होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

थर्मामीटर घेऊन गेलो. अंगणात हवा 29 अंश, आणि यंत्राच्या मागे, जिथून ते हवा ओढतं तिथे, 15. चूक लगेच कळली आणि ती माझी होती. मी जागा नकाशावर ठरवली होती. मधल्या काळात कुंपणाची भिंत सहा फूट उंच झाली होती आणि यंत्राचं तोंड तिच्यापासून हातभर अंतरावर. पंख्याने फेकलेली गार हवा भिंतीवर आपटून परत मागे जात होती, आणि यंत्र स्वतःचीच गार हवा पुन्हा पुन्हा ओढत होतं. जागेवर जाऊन टेप लावला असता तर दोन दिवस वाचले असते. यंत्र काटकोनात फिरवून तोंड बागेकडे केलं, समोर तीन मीटर मोकळे. त्या दिवशी पाणी 2.6 अंश चढलं. शेजाऱ्यांच्या खिडकीकडे जाणारा पंख्याचा आवाजही त्यामुळे टळला.

त्याच आठवड्यात काकूंचा फोन: "अरे, यंत्राखाली पाण्याचं थारोळं झालंय, गळतंय बहुतेक." दमट हवेतून उष्णता ओढताना पाणी सुटणारच, एसीचं सुटतं तसं. पण शंका ठेवू नये. क्लोरीन तपासायची पट्टी त्या थारोळ्यात बुडवायला सांगितली. रंग आला नाही, म्हणजे ते तलावाचं पाणी नव्हतं. तलाव गळतोय का हेही त्याच वेळी बघून घेतलं. पायरीवर बादली ठेवली, आतबाहेर पातळी सारखी करून खूण केली, हीट पंप बंद ठेवून एक दिवस उघडं सोडलं. बादलीत पाच मिलिमीटर उतरलं, तलावात पाच. गळती नाही, आणि पाच मिलिमीटरचा अंदाजही बरोबर.

काकूंनी हिवाळाभर एक वही ठेवली. शाळेची, दोनशे पानी, पेन्सिलीने आखलेले रकाने: रात्री दहाचं तापमान, सकाळी सातचं, मीटरचा आकडा, किती फेऱ्या चालल्या. डिसेंबर आणि जानेवारीत हीट पंपाचे रोजचे सात-आठ युनिट आणि पंपाचे साडेतीन. आच्छादन असलेल्या रात्री पाणी 0.4 अंश उतरतं. 8 जानेवारीच्या ओळीत 30.1 आणि 28.4 असे आकडे आहेत, आणि पुढे बारीक अक्षरात, "पाहुणे होते, झाकायचं राहिलं."

मार्चनंतर हीट पंप बंद केला, त्याचं पाणी काढून टाकलं. दर पंधरा दिवसांनी बाहेरचे पत्रे गोड्या पाण्याच्या हलक्या फवाऱ्याने धुवायचे, एवढं काम राहतं. गेल्या भेटीत खालच्या चौकटीचे दोन स्क्रू तांबूस झालेले दिसले. लेपाचं पत्र्यांवर ठीक चाललंय, स्क्रू मात्र साध्या स्टीलचे निघाले. पावसाच्या आत ते खाऱ्या हवेत टिकणाऱ्या 316 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे करायचे आहेत. मापं घेतली आहेत, आठ स्क्रू लागतील.